मास्क धुताना

झोपेत सुधीरचा श्वास अडायचा, म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टरांनी त्याला रात्री तोंडावर मास्क लावायचं मशीन दिलं. कोरं करकरीत. पण रोज सकाळी तो मास्क धुताना त्याच्या बायकोला, सुहासिनीला, नाक दाबून धरावं लागायचं. आत लाल, चिकट थुंकी आणि तंबाखूचा भपकारा!

"शी! अहो, आपल्या घरात कुणी पानाला शिवत नाही, आणि तुम्ही चोरून खाता की काय?"

"मला साधी सुपारी चालत नाही, माहितीये ना तुला?"

शेवटी डॉक्टरांनी झोपताना दातांत बसवायची पट्टी दिली. मशीन माळ्यावर गेलं.

पहिल्याच सकाळी पट्टी स्वच्छ निघाली. सुहासिनीनं हुश्श केलं.

"मस्त झोप झाली गं," सुधीर हसत म्हणाला, "पण पहाटे तूच घोरत होतीस."

तिनं चूळ भरली. बेसिनमध्ये चघळलेल्या पानाचा लाल चोथा पडला. थोडा अजून दाढेखाली होता, कोमट.