टाळायचा भाग

सावळ घाट उतरला तरी वेदिकाचं वाचन थांबत नव्हतं. तिनं गाडीतल्या पडद्याची भाषा मराठी करून टाकली होती, आणि त्यावरचा एकेक शब्द ती लिहिता-वाचता न येणाऱ्या आत्याला मोठ्यानं वाचून दाखवत होती. आत्या म्हणजे सिंधुबाई. मोतीबिंदू काढलेली, काळा चष्मा लावलेली, पुढच्या दोन सीटांच्या मधून मान घालून बसलेली. डोळा नवा झाला होता, त्यामुळे बाईला सगळंच बघायचं होतं.

"ऐक आत्या. डिस्क आत घाला. डिस्क वाचता येत नाही. डिस्क बाहेर काढा."

"आमच्या मालकासारखंच हाय की हे! ताटात वाढलं का म्हनायचं, नाय खाता येत, काढा भाईर."

गाडी चालवणारा वेदिकाचा बाप सुनील खदखदून हसला. तो खुशीत होता. बहिणीला त्यानं शहरात, इंदिरानगरला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, ऑपरेशन करवलं होतं, आता पेठजवळच्या तिच्या गावी जातीनं सोडायला निघाला होता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं तो मनातल्या मनात स्वतःलाच सांगत होता.

"आमचं गाव हाय का गं त्यात?" सिंधुबाईनं विचारलं.

वेदिकानं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. पेठचा रस्ता आला, ओढा आला, आणि गावावर नेमका बसलेला एक लालभडक चौकोन आला.

"अगं बया! हे लाल काय?"

वेदिकानं चौकोनावर बोट ठेवलं. खाली अक्षरं उमटली. आतापर्यंत सगळं मोठ्यानं वाचणाऱ्या पोरीनं तेवढी अक्षरं मात्र मनात वाचली आणि बापाकडे पाहिलं. ‘टाळायचा भाग’, असं तिथं लिहिलं होतं.

असा चौकोन आखला, की गाडी हवा तेवढा वळसा दाखवते, पण त्या जागेतून रस्ता काढत नाही. सुनीलनंच तो आखला होता. कामासाठी वापीला जाताना हे गाव वाटेवर यायचं, आणि वाटेवरच्या बहिणीच्या दारावरून तसंच पुढे जायचं नाही, ही घरची रीत. थांबलं की नागलीची भाकरी, शेजाऱ्यांच्या गप्पा, डिकीत भाताचं पोतं. एकदा तर तिनं त्याच्या साहेबालाच गाडीतून उतरवून खाटेवर बसवलं आणि कोरा चहा पाजला. साहेब मजेत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते सुनीलला. तेव्हापासून तो त्र्यंबकेश्वर-जव्हारवरून जायचा. तो रस्ता लांबचा होता, तरीही.

"मीच केलंय ते, आक्का," तो घाईनं म्हणाला. "तुझं गाव चटकन दिसावं म्हणून."

सिंधुबाईचा हात डोळे पुसायला चष्म्याखाली गेला.

"आत्या, डोळ्याला हात नको लावूस," वेदिका म्हणाली.

"नाय गं लावत. पर बघ ना, येवढ्या मोठ्या नकाशात यानं माझंच गाव रंगवलं."

सुनीलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बहिणीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गावात गाडी थांबताच सिंधुबाई उतरली आणि घरात न जाता शेजारणींना हाका मारत सुटली. ती पाठमोरी होताच सुनीलनं पडद्यावर बोटं चालवली. चौकोन पुसला गेला.

"काढून टाकलं बघ," तो म्हणाला.

वेदिकानं खिडकीकडे तोंड फिरवलं. तरी त्याला हलकं वाटलं. चूक झाली होती, ती निस्तरली. आता गाडी सरळ इथूनच जाईल.

तेवढ्यात सिंधुबाई आली ती सुलाबाई आणि भागीबाईला घेऊनच. तिघींनी उघड्या दारातून आत माना घातल्या.

"दाखव रं यांना. माझं गाव."

पडद्यावर गाव होतं. नुसतं नाव आणि एक बारीक ठिपका.

"लाल कुठं गेलं?" सिंधुबाई आणखी पुढे वाकली. "मघा व्हतं ना गं वेदिका? मी बघितलं ना?"

"डाक्टरानं डोळा नीट नाय केला वाटतं," भागीबाई पुटपुटली. सुलाबाई पदराआड हसली.

सिंधुबाईनं चष्मा काढला, पडद्याकडे पाहिलं, परत लावला. तिचा चेहरा एवढासा झाला. "असंल," ती हळूच म्हणाली. "माझंच कायतरी झालं असंल."

सुनीलला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. शेजारणी बघत होत्या. तोंड मिटलं.

"नाही आक्का, तुझा डोळा चांगला आहे. माझ्याच हातून पुसलं गेलं. थांब."

त्यानं गावाभोवती बोटानं चौकोन आखला. पडद्यावर प्रश्न आला: ‘हा भाग कायम टाळायचा?’

"काय इचारतंय ते?" सिंधुबाईनं विचारलं.

सुनीलचं बोट ‘होय’च्या वरच थांबलं. वेदिका खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "तुझ्या गावाला खूण करून ठेवायची का, असं विचारतंय, आत्या."

"मंग? ठेव की रं," सिंधुबाई म्हणाली. "चांगली ठसठशीत ठेव."

सुनीलनं ‘होय’ दाबलं.