तिरके सांधे

कमानीचा मधला दगड चार बोटं खाली घसरला. गवंडी परशुरामने झटकन पहार उभी धरून त्याला टेकू दिला. पहारीचं एक टोक तो उभा होता त्या फळीवर, दुसरं दगडाला. वरून वाळू गळू लागली.

"बिडबेड, परशू! सोडू नको!" दुकानाचा मालक वेंकटेश आधी कानडीत, मग मराठीत ओरडला.

दाजीबानपेठेतलं त्याचं कापडाचं दुकान मोठं करायचं काम चाललं होतं. पुढच्या आणि मागच्या खोलीमधली दगडी कमान नुसती शोभेची आहे, काढून टाक, असं सकाळी त्यानेच परशुरामला सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर शिवणाची मशिनं चालू होती. ती एकदम थांबली आणि पाच बायका मागच्या जिन्याने धावत खाली आल्या. अग्निशामक दलाला फोन झाला होता, पण पेठेतल्या हातगाड्यांमधून बंब कधी पोचणार!

वेंकटेशची बहीण वेदश्री तेवढ्यात दुकानात शिरली. ती एका कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवायची.

"वेदा, बरी आलीस. त्यानं हात सोडून मागं उडी मारली तर? एकच दगड पडेल ना?"

ती वर बघत राहिली. सगळ्या कमानीवर जाड गिलावा होता.

"कमान दोन तऱ्हेची असते, अण्णा. एकीत दगड आडवेच रचतात, प्रत्येक थर जरासा पुढे काढून. तिथे मधला दगड नुसती भर असते. दुसरीत दगड पाचरीसारखे, एकमेकांना रेटून उभे असतात. तिथे मधला गेला की सगळं खाली येतं. वरच्या भिंतीसकट."

"मग ही कुठली?"

"सांधे दिसल्याशिवाय कसं सांगू?"

"लवकर सांगा, अक्का," परशुराम म्हणाला. "हात भरून आलेत."

त्याची बायको अनिता राडारोडा वाहत होती. तिने डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, थापी उचलली आणि फळीवर चढू लागली.

"तू नको," परशुराम म्हणाला.

"मग कोण?"

तिने कमान सुरू होते तिथला, खालच्या टोकाचा गिलावा हलक्या हाताने खरवडला. दगडांमधली रेघ उघडी पडली. आडवी होती.

"आडवी आहे!" वेंकटेश म्हणाला. "परशू, सोड—"

"थांब!" वेदश्री किंचाळली. वर्गातल्या फळ्यावर तिने ही आकृती कितीदा तरी काढली होती. त्या वेळी खाली कोणी उभं नसायचं. "खालचे सांधे दोन्हींत आडवेच दिसतात. अनिता, आणखी वर."

वर म्हणजे नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. अनिता सरकली. परशुरामचा घाम हनुवटीवरून गळत होता. तिने एक सांधा उघडा केला. मग त्याच्या वरचा.

"तिरका आहे, अक्का."

"खालचा?"

"तोही. थोडा कमी."

"मग पाचरीचीच कमान आहे ही," वेदश्री म्हणाली. "सोडू नको, परशू. काहीही झालं तरी सोडू नको. अण्णा, गठ्ठे! कापडाचे गठ्ठे आणा!"

वेंकटेशने मांडणीवरचे दाबलेले गठ्ठे ओढून काढले. धोतरं, चादरी, अस्तरं. शिवणाच्या बायकांनी रांग धरली. आधी फळीखालची जागा भरली, मग फळीवर परशुरामच्या दोन्ही अंगांना गठ्ठे चढू लागले. वाळू आता जाड धारेने येत होती. शेवटचा गठ्ठा दगडाखाली शिरेना. अनिताने पाठ मागच्या गठ्ठ्याला टेकवली आणि दोन्ही पायांनी तो आत रेटला.

दगड करकरला. बोटभर खाली आला. थांबला.

वाळूही थांबली.

"आता सोड, परशू," वेदश्री म्हणाली.

तो हलला नाही.

"सोड ना. झालं."

"सुटत नाहीत, अक्का," तो म्हणाला. पहारीभोवती त्याची बोटं पांढरीफटक पडली होती.

वेंकटेश चढून वर गेला. परशुरामसमोर गुडघे टेकून तो बसला, आणि मान खाली घालून त्याचं एकेक बोट उघडू लागला.