पत्र्याचं खोकं

सकाळपासून आवडी पत्र्याचं तिकोनी खोकं डोक्यावर घेऊन टेकडी चढत होती. मान तर दगड झाली होती. दुपारी ढगांवरून जाणारं विमान रडारने मुलखाचं चित्र काढणार होतं. नकाशावाल्या साहेबांनी मागचं चित्र दाखवलं तेव्हा खोपोलीचे कारखाने लखलखत होते आणि आवडीच्या वाडीच्या जागी काळोख. “गवताची छपरं दिसत नाहीत गं, पत्रा तेवढा चमकतो,” ते म्हणाले. “चित्रात खूण उमटायला हे खोकं माथ्यावर ठेव.” मागे हातपंप मागायला गेली होती तेव्हा कचेरीतही तेच, “नकाशात वाडीच नाही!” माथा अजून लांब होता. वाटेत तिचंच अंगण लागलं, दारात रिकामा हंडा. आवडीने खोकं तिथंच उतरवलं, आभाळाकडे वळवलं आणि मटकन बसकण मारली. नवरा हबकला, “अगं, सायबाला कळंल ना!” ढगांवर घरघर घुमली. तिने मान चोळली. “कळू दे रं. कळावं म्हणून तर ठेवलंय.”