जिन्यातली पोट्टी

सोसायटीतले तंटे सोसायटीतच मिटावेत म्हणून तुम्ही पंच व्हा, असे सचिवांचे पत्र निवृत्त ग्रंथपाल शिखरे यांना येऊन चार महिने झाले होते. जन्म पुस्तकांत गेला, आपले कोण ऐकणार, म्हणून त्यांनी उत्तरच दिले नव्हते.

त्या सकाळी जगदाळेबाई मुलीला घेऊन दारात उभ्या. "काका, पोलिसांत द्यायला अर्ज लिहून द्या. अकोल्याहून आलेल्या त्या इंगोलेकाकूंनी भर जिन्यात माझ्या ईश्वरीला पोट्टी म्हटलं! सगळी पोरं चिडवतायत तिला."

आवाज ऐकून समोरच्या इंगोलेकाकू बाहेर आल्या. "अवो बाई, पोट्टी लय गोड हाये, इतकंच म्हनलं म्या!"

"ऐकलंत? पुन्हा तेच!"

"थांबा!" शिखरे म्हणाले. आपला आवाज एवढा मोठा निघेल असे त्यांना वाटले नव्हते. त्यांनी जाडजूड शब्दकोश आणून पान उघडले. "पोट्टी म्हणजे मुलगी. वऱ्हाडात लाडानं म्हणतात. तुम्हाला ऐकू आली ती इंग्रजी शी!"

जगदाळेबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि ओढणी तोंडाला लावून हसू लागल्या. "म्हणजे मीपण माझ्या आईची पोट्टीच की!"

"मंग! चाला, दोघी पोट्ट्या चहाले," म्हणत इंगोलेकाकूंनी मायलेकींना घरात ओढले.

शिखऱ्यांची छाती अभिमानाने फुलली. ताठ बसून त्यांनी लिहिले, 'पंच व्हायला मी तयार आहे.' सचिव वरच्याच मजल्यावर राहत, पण त्यांचे दार वाजवण्याचे धाडस काही होईना. मग ते चौकापर्यंत चालत गेले आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकले.