भंगारातला रेकॉर्ड प्लेअर

घुग्घुसच्या भंगारवाल्याकडे प्रेमिला त्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरसमोर केव्हाची घुटमळत होती. सुई मोडलेली, मोटर पार जळालेली.

"बाई, हा काई सुधरत नाई," भंगारवाल्यालाच राहवेना. "काऊन घेता?"

"जेवढा बिघडला असन तेवढा बरा. आमच्या घरच्यायनं जिंदगीभर हेच सुधरवले. हात लागले तं आठवन त्यायले काई."

घरी तिनं प्लेअर नवऱ्यापुढे, गोविंदापुढे ठेवला, पेचकस हातात दिला. दिवसभर भिंतीकडे पाहत बसणारा तो माणूस सरसावून बसला. त्यानं वरची जड लोखंडी तबकडी अलगद काढली, उलटीपालटी केली, बोटानं वाजवून पाहिली. प्रेमिलाच्या जिवात जीव आला.

"तवा चांगला जाड आणला वं," गोविंदा म्हणाला. "टाक भाकरी."