झिरियाचं पाणी

कयाक पाण्यात ढकलताना रूपेशचे पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात रुतले. बाहेर काढले तर सँडलवर बुळबुळीत थर.

पुढे बसलेल्या स्नेहलताईने नाकाला ओढणी बांधली होती. तिच्या मांडीवर थर्माकोलची पेटी, पेटीत सहा रिकाम्या बाटल्या. भिलाईतल्या एका खासगी लॅबमध्ये ती पाणी तपासायची. कुम्हारीच्या पलीकडची ही लहानशी नदी झऱ्यांच्या पाण्यावर वाहायची, आणि वर्षभरापासून सडत चालली होती. काठच्या गावाने तक्रार केली, चौकशी लागली, नमुने घ्यायचं काम ताईच्या लॅबकडे आलं.

कयाक रूपेशने हौसेने घेतली होती. ताईने ती पहिल्यांदाच मागितली. रस्त्याने गेलं तर गाववाले गराडा घालतात, कारखान्याच्या फाटकावरचेही पाहतात, असं ती म्हणाली. रंगाचा कारखाना वळणापलीकडेच होता. रूपेशला धाकटा भाऊ म्हणून अभिमान वाटला. रिसालीतल्या दोस्तांना त्याने सांगूनही टाकलं होतं की ताई कारखानावाल्यांना सोडणार नाही.

पहिल्याच वळणावर मेलेले मासे लागले. पांढरी पोटं वर. एक वल्ह्याला चिकटला, झटकला तर त्याची कातडी वल्ह्यावरच राहिली. पुढे कारखान्याचा नाला नदीला मिळत होता. जांभळट, दाट पाणी, वर साय धरलेली, आणि सडक्या अंड्यांचा वास. रूपेश बाजूला वाकला आणि भडाभडा ओकला.

तोंड पुसून तो म्हणाला, "ताई, इथंच भर ना बाटल्या. याच्याहून खराब पाणी कुठी भेटन?"

"इथचं नाही पाहिजे मले. वर चाल."

आधी चांगलं पाणी घेऊन मग घाणेरडं त्याच्याशी ताडून पाहत असतील, असं त्याने गृहीत धरलं आणि वल्हं मारलं.

नाल्याच्या वर पाणी निवळत गेलं. पात्र अरुंद झालं, तळाची वाळू दिसू लागली. काठावर घागर घेऊन एक बाई उभी होती. नाव दुर्गा. पाणी तपासायला आलोय म्हटल्यावर तिने घागर खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. कोपरापासून बोटांपर्यंत फोड, काही फुटलेले. खाली कपडे धुतल्याने झाले, असं तिने सांगितलं. दोन म्हशी तेच पाणी पिऊन मेल्या. आता प्यायचं पाणी ती रोज तासभर चालून इथून नेते. तक्रारीवर पहिला अंगठा तिचाच होता.

रूपेशला तिच्या हातांकडे बघवेना. बघवत नाही याचीही त्याला लाज वाटली.

पुढे पाणी उथळ होतं. दुर्गा स्वतः पाण्यात उतरली आणि दोरी धरून कयाक ओढत झऱ्यापर्यंत घेऊन गेली. गावाच्या बोलीत झिरिया. झाडाच्या मुळांखालून, वाळू उडवत, पाणी वर येत होतं. तिने ओंजळ भरून रूपेशपुढे धरली. ते फोड पाहून तो क्षणभर थांबला. मग प्यायला. थंड, गोड पाणी होतं.

स्नेहलने खाली वाकून बाटल्या भरल्या. दुर्गाने तिला हात जोडले, खरं तेच लिही पोरी म्हणून आपल्या बोलीत विनवलं.

"सही-सही लिखबे, नोनी."

स्नेहलने होकारार्थी मान हलवली.

परतताना नाल्याच्या तोंडाशी रूपेशने वल्हं आडवं धरून कयाक थांबवली. आता इथलं घे, म्हणाला. ती हलली नाही. त्याने हात लांबवून पेटीचं झाकण उघडलं. सहाही बाटल्या भरलेल्या होत्या, काचेसारख्या स्वच्छ.

"ताई, सगळ्याच कावून भरल्या? इथच्यासाठी एकबी नाही ठेवली?"

तिने पेन काढलं, आणि सहाही बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर वळणदार अक्षरात जागा लिहिली: कारखान्याचा नाला.