उजवं मडगार्ड

वेंडेलला काही सांगून उपयोग नसतो. पंचावन्नाचा घोडा झाला, पण आईच्या जेवणाच्या टेबलावर रंगांची शेड कार्डं पसरायला त्याला लाज वाटत नाही. आर्डिस खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं धरून उभी, आणि हा हिरव्याच्या नऊ छटा निरखतोय.

"उचल ते. जेवायचंय का रंग चाटायचाय?"

"आई, बाबांची जीप आहे. मूळचाच हिरवा लावणार. पण आधी पत्र्यापर्यंत घासून काढणार."

भांडं जरा जोरातच आदळलं. "घासायचं कशाला? वरून मार. तुझे बाबा तसंच करायचे."

"म्हणून तर फुगे आलेत रंगाला."

"मग गॅरेजवाल्याकडे दे."

"नको. घासायचं काम मी घरीच करणार."

ती खिडकीतून गोठ्याकडे बघत बसली; जीप तिथेच उभी होती. जीप पहिल्यापासून हिरवीच. फक्त उजवं मडगार्ड भंगारातलं, मूळचं पिवळं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, समोरच्या मॅव्हिसचा मुलगा कीथ खडीच्या रस्त्यावर मेलेला सापडला. कुणाच्या गाडीने उडवलं, कळलंच नाही. त्याच आठवड्यात तिचा नवरा ऑर्विल गोठ्याचं दार लावून जुन्याच्या जागी बसवलेलं ते पिवळं मडगार्ड हिरवं करत होता. तिने फटीतून पाहिलं. त्याला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. त्याची गादी तेवढी तळघरात टाकली. मरेपर्यंत तो तिथेच निजला.

मॅव्हिस अजून समोरच राहते. रविवारी चर्चमध्ये आर्डिसच्या शेजारी बसते. आता पिवळा दिसला की वेंडेल विचारणार, आणि ऑर्विलचं नाव थडग्यातून उकरलं जाणार.

जेवण होताच वेंडेल गोठ्यात गेला. ती मागोमाग. जीपची दारं सोडून, बॉनेट सोडून तो थेट उजव्या मडगार्डापाशी बसला.

"तिथनं नको रे. मागून धर."

"इथूनच."

पॉलिश पेपर खरखरायला लागला. हिरवी पूड खाली सांडत होती. तिने खांब घट्ट धरला. पिवळा वर आला, आधी बोटाएवढा, मग तळहाताएवढा. आता विचारेल. आता.

वेंडेलने मान वर केली नाही. त्याने जाडा पेपर घेतला आणि पिवळाही खरवडायला लागला.

"बाबांना तेव्हाच म्हटलं होतं, नुसतं झाकू नका, पत्र्यापर्यंत काढा," तो म्हणाला. "म्हणाले, आईला आवाज जाईल."

आर्डिसने मनात वर्षं मोजली. "सोळा वर्षांचा होतास तू."

"मला वाटलं, हरीण आहे."

तिने खांब सोडला.

"ठेव तो कागद. मॅव्हिस घरीच आहे. तुझ्या पायांनी जा, नाहीतर मी जाते."